गळ्यातली माळ आणि पेटीतला बिल्ला



तुमच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती कोणाच्या हातून घातली, कोणत्या एकादशीला घातली, हे तुम्ही विसरला नसाल. आता घरातली जुनी पत्र्याची पेटी आठवा. नांदेड-लातूरकडच्या एखाद्या घरी अशा पेटीच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांखाली, दोऱ्यात ओवलेला एक बिल्ला निघतो. त्यावर नंबर असतो, नाव असते. तोही कधीकाळी कोणाच्या तरी गळ्यातच होता.

आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तरी महायुद्धे आपल्याला चुकली नाहीत. पहिल्या महायुद्धात हैदराबाद संस्थानचे घोडदळ इजिप्त-पॅलेस्टाइनकडे गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकात जे तीन सैनिक उभे आहेत, त्यांतला एक हैदराबादचा आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौज मलायात कोटा भारूला उतरली, तेव्हा तिथल्या विमानतळाच्या राखणीला हैदराबादची पायदळ पलटण होती.

हा बिल्ला कशासाठी, ते पाहा. आधी ब्रिटिश फौजेत शिपायाच्या गळ्यात एकच चकती असे. तो पडला की नोंदीसाठी ती काढून नेत आणि मागे राहिलेला देह बेनाव होई. म्हणून सप्टेंबर १९१६ पासून दोन चकत्या आल्या. तांबडी गोल चकती नोंदीसाठी काढायची, हिरवी अष्टकोनी देहाबरोबरच ठेवायची. एक नाव कागदाला, एक नाव मातीला.

त्या एवढ्याशा चकतीचे मोल अलीकडेही दिसले. १९८४ साली सियाचीनच्या बर्फात गडप झालेल्या कुमाऊँ रेजिमेंटच्या एका जवानाचा देह ३८ वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये सापडला. लष्करी क्रमांक कोरलेल्या चकतीवरून तो ओळखला गेला आणि त्याच्या घरच्यांच्या देखत त्याला अग्नी मिळाला.

सर्वांच्या वाट्याला हे आले नाही. मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा येथे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या. घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली आणि पुढे कैदेत हजारो दगावले. त्या मोहिमेत पडलेल्या, पण समाधी न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे केवळ आकडे लिहिले. अमुक पलटण, इतके शिपाई, एवढेच. नावे ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली ही चूक मान्य करून माफी मागितली. तोवर त्या शिपायांची नातवंडेही थकली होती.

माउली, इथे आपल्याला चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना कूस कोसळले आणि कितीतरी मजूर त्याखाली गाडले गेले. गावाच्या लेखी तेही आकडेच होते. परंपरा सांगते, की नामदेवराय तिथे गेले आणि एकेक अस्थी कानाला लावत राहिले. ज्या अस्थीतून विठ्ठलनाम ऐकू आले, ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारापाशी समाधी दिली. आषाढीला नामदेव पायरीजवळ आपण वाकतो, ते त्या समाधीसमोरच. आपल्या मराठवाड्यातल्या नरसीचे नामदेवराय शेकडो अस्थींतून आपला एक माणूस शोधत बसले. माणूस मोजायचा नसतो, ओळखायचा असतो, हे त्यांनी करून दाखवले.

म्हणून तुमच्या घरी असा बिल्ला असेल, तर एवढे करा. तो चिंचेने घासू नका, अक्षरे झिजतात. तांबड्या-हिरव्या चकतीला पाणी लावू नका. कुजका दोरा असला तरी टाकू नका. त्यावरचा नंबर आणि पलटण वहीत उतरवा. शेजारी त्या माणसाचे नाव, गाव आणि म्हाताऱ्या माणसांना आठवते ते सगळे लिहा. तो कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. भंगारवाल्याच्या तराजूत हा बिल्ला तोळाभरही भरत नाही. तुमच्या घराला मात्र त्या माणसाची तेवढीच खूण उरलेली असेल.

भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने गेलेल्यांचे श्राद्ध असते. त्या दिवशी बिल्ला पेटीतून काढा, देवघरात विठोबापुढे ठेवा. मुलांना जवळ बसवा आणि त्यावरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. ज्याचा देह घरी आला नाही, त्याचे नाव तरी घरात राहू द्या.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!