कार्टून व फॅन आर्टमधील मुस्लिम पात्रे

कार्टून व फॅन आर्टमधील मुस्लिम पात्रे : व्यंगचित्रे, चित्रकथा, ॲनिमेशनपट आणि त्यांतल्या पात्रांवरून चाहत्यांनी हौसेने काढलेली चित्रे यांतून मुस्लिम माणूस कसा दिसतो, हा या नोंदीचा विषय. फॅन आर्ट काढणारा मूळ पात्राचा चेहरामोहरा उचलतो आणि त्याला नवा पोशाख, नवा प्रसंग, कधी नवा धर्मही देतो. मूळ चित्रातला ठोकळेबाजपणा त्यामुळे नकळत पुढे चालत राहतो. एखादा चाहता तो उलटाही करून दाखवतो.

व्यंगचित्रकाराला चार रेषांत माणूस ओळखू आणायचा असतो. म्हणून मुस्लिम म्हटले की जाळीची टोपी, मिशीविना दाढी, सुरमा, चौकड्यांची लुंगी; बाई असेल तर बुरखा. अशा खुणा वापरण्यात गैर काही नाही, पुणेरी पगडी आणि मारवाड्याचा फेटाही त्याच कामी येतात. गैर आहे ते या खुणांखाली माणूसच नसणे, आणि त्या खुणा खाटीक, गुंड नाहीतर अतिरेकी यांच्याच अंगावर पुन्हा पुन्हा चढणे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीसारख्या गावात हा साचा लगेच तोकडा पडतो. या भागातले मुस्लिम घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलतात. बागवान, तांबोळी, आतार, मुलाणी, मणेर ही त्यांची आडनावे धंद्यावरून पडली. पाटील, देशमुख, इनामदारही त्यांच्यात आहेत. शाहीर अमर शेख (1916–1969) याच बार्शीचे. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणी कामगारांच्या चळवळीतून ते पुढे आले, अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून गाजले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरली. ‘प्रपंच’ (1961) या मराठी चित्रपटात त्यांनी भूमिका केली. टोपी-दाढीच्या ठरीव खुणांनी हा माणूस रेखाटायला गेले तर हाती काहीच लागत नाही. डफ आणि उघडा गळा काढला तर लागते.

महाराष्ट्रात छापलेल्या चित्रकथांत सर्वांत दूरवर पोचली ती ‘अमर चित्र कथा’. अनंत पै यांनी ही मालिका 1967 साली मुंबईत सुरू केली. अकबर, चांदबिबी, टिपू सुलतान यांच्यावर तिने स्वतंत्र अंक काढले. पण त्या जगातला मुस्लिम बहुधा तख्तावर किंवा घोड्यावर बसलेला. विणकर कबीरासारखा अपवाद सोडला तर हातावर पोट असणारा विरळाच. इतिहासचित्रांत तर एकच प्रसंग बाकी सगळ्यांना झाकून टाकतो : अफझलखानाचा वध. अवाढव्य देह, वटारलेले डोळे, हिरवा अंगरखा हे त्याचे रूप कॅलेंडरे, पोस्टर आणि गणपतीचे देखावे यांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरवले गेले आहे. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता आणि शिवाजी महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत वाचायला मिळते; चित्रात मात्र या दोघांच्या जागा फारशा कोणी भरत नाही. अशा चित्राचे वजन किती असू शकते हे सप्टेंबर 2009 मध्ये मिरजेत दिसले. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या याच प्रसंगाच्या चित्रावरून दंगल पेटली आणि आसपासच्या शहरांतही तिचे पडसाद उमटले.

‘अमर चित्र कथा’ निघाली त्याच मुंबईतून 1980 साली सुरू झालेल्या ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकाने वेगळी वाट धरली. त्यात नसरुद्दीन होजा होता, पण खरी नवलाई अन्वरची. हा एक चुणचुणीत मुलगा. त्याच्या गोष्टी घरातल्या खोड्या आणि हजरजबाबीपणाच्या. मुस्लिम असणे त्याच्या नावात आहे, गोष्टीच्या गाठीत नाही. भारतीय बालचित्रकथेतले हे फार मोठे काम असूनही त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

परदेशात वाद जास्त उघडपणे झाले. डिस्नेच्या ‘अलादीन’ (1992) मधील सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशाला रानटी ठरवणाऱ्या ओळी होत्या. अरब-अमेरिकनांच्या निषेधानंतर 1993 च्या व्हिडिओ आवृत्तीत त्यांतली कान कापण्याची ओळ बदलली. नायक-नायिकेचे उच्चार अमेरिकी आणि खलनायकांचे अरबी वळणाचे, हा आक्षेप मात्र तसाच राहिला. मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’मध्ये 2002 साली आलेली अफगाण मुलगी डस्ट नकाबात असे, पण पुढच्या काही अंकांत तिचा पायघोळ अबाया अंगाला चिकटलेला काढला जाई, त्यावर वाचकांनी टीका केली. पाकिस्तानी मालिका ‘बुरका ॲव्हेंजर’ने (2013) शाळेतल्या शिक्षिकेला नायिका केले. ती एरवी डोके न झाकता वावरते आणि लढताना बुरखा घालते. बुरखा हे बळाचे चिन्ह करावे का, यावर पाकिस्तानातच वाद झडला.

मार्व्हलचीच कमला खान ही या विषयातली कळीची व्यक्तिरेखा. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन आणि चित्रकार एड्रियन अल्फोना यांनी घडवलेल्या या जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी-अमेरिकन मुलीची स्वतंत्र मालिका 2014 मध्ये निघाली. पहिल्याच अंकात ती दुकानात डुकराच्या मांसाचा वास तेवढा घेते, खात नाही. ती स्वतः सुपरहिरोंची चाहती असून त्यांच्यावर गोष्टी लिहिते. शक्ती मिळाल्यावर प्रथम ती सोनेरी केसांच्या कॅप्टन मार्व्हलचे रूप घेते, मग ते टाकून स्वतःचा चेहरा पत्करते. जानेवारी 2015 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बसगाड्यांवरच्या मुस्लिमविरोधी जाहिरातींवर अज्ञात कलाकारांनी कमलाची चित्रे चिकटवली. चाहत्यांच्या चित्राने रस्त्यावर उत्तर दिल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नाही.

समाजमाध्यमांवर याहून सौम्य प्रकार चालतात. डिस्नेच्या राजकन्या किंवा जपानी ॲनिमेतल्या मुली हिजाबात काढणे, आवडत्या पात्रांना इफ्तारच्या दस्तरखानावर बसवणे, ईदची भेटचित्रे करणे हे त्यांतले नेहमीचे. काढणाऱ्या अनेकजणी स्वतः मुस्लिम असतात आणि स्वतःला त्या जगात जागा करून घेतात. तरीही एक उणीव राहते : हिजाब चढवला की काम झाले, असा नवाच ठोकळा तयार होतो. हिजाब न घालणारी मुस्लिम मुलगी तिथेही दिसेनाशी होते. बार्शीच्या बाजारात नाकापर्यंत साडीचा पदर ओढून भाजी विकणारी बागवानीण तर दूरच.

पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 साली सोलापुरात भरले. मराठी बोलणाऱ्या मुस्लिमांचे जगणे त्यांच्याच लेखणीतून यावे, ही त्यामागची भूमिका होती. कथा-कवितेत ते बऱ्यापैकी आले. त्या तोडीचे मुस्लिम पात्र मराठी चित्रकथेने अजून घडवलेले नाही.