न्यूट्रल तुटला की टीव्ही का जळतो? समजून घ्या व्होल्टेज आणि करंटचं साधं गणित

वादळी पाऊस नुकताच थांबलाय. अचानक घरातला बल्ब डोळे दिपतील इतका प्रखर पेटतो, पंखा गरगरायला लागतो आणि टीव्हीतून 'फट्' असा आवाज येऊन जळका वास सुटतो. त्याच वेळी शेजारच्या घरात मात्र दिवे जेमतेम मिणमिणत असतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकमत होतं, "वरूनच जास्त व्होल्टेज आलं."

पण वरून जास्त आलं असतं तर शेजाऱ्याकडे कमी कसं झालं? एका घरात जास्त आणि शेजारी कमी, असं चित्र दिसलं की संशय घ्यायचा तो न्यूट्रलच्या तारेवर. डीपीतून तेव्हाही नेहमीचेच 230 व्होल्ट सुटत असतात. बिघडलेलं असतं ते त्यांचं वाटप. हे वाटप कसं होतं, हे दहावीच्या विज्ञानातल्या दोन-तीन नियमांवरून अगदी आकड्यांसकट काढता येतं.

आधी नियम पाहू. जर्मन शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी 1827 साली मांडलेला नियम असा: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. रोध म्हणजे तार किंवा उपकरण करंटला किती अडवतं ते, आणि तो ओहममध्ये मोजतात. पुढे 1845 मध्ये गुस्टाव किरखॉफ यांनी विद्यार्थी असतानाच आणखी दोन नियम दिले. एक, तारांच्या कोणत्याही सांध्यात जितका करंट येतो तितकाच बाहेर पडतो. दोन, सर्किटची एक पूर्ण फेरी मारली की स्रोताने दिलेलं व्होल्टेज वाटेतल्या उपकरणांत वाटून संपलेलं असतं, एक व्होल्टही इकडचा तिकडे होत नाही. घरातल्या बोर्डापासून मोठ्या वीजवाहिन्यांपर्यंत सगळी गणितं याच पायावर उभी आहेत.

दिवाळीच्या माळेतला धडा

जुनी, बारीक बल्बांची माळ आठवा. 6 व्होल्टचे सुमारे 40 बल्ब एकामागे एक, म्हणजे एकसर जोडणीत असायचे. सगळ्यांतून एकच करंट जायचा आणि 230 व्होल्ट त्यांच्यात सारखे वाटले जायचे. एक बल्ब काढला की अख्खी माळ बंद.

आता प्रश्न असा, की रिकाम्या होल्डरच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट असतील? बरेच जण 6 म्हणतात, काही शून्य म्हणतात. उत्तर आहे 230. करंट थांबला म्हणजे बाकीच्या 39 बल्बांत काहीच व्होल्टेज खर्च होत नाही, कारण रोध गुणिले शून्य म्हणजे शून्य. मग फेरी पूर्ण करायला सगळेच्या सगळे व्होल्ट त्या रिकाम्या जागेवर येऊन बसतात. माळ बंद आहे म्हणून त्या होल्डरात बोट घालणं म्हणूनच जिवावर बेतू शकतं. करंट नाही म्हणजे व्होल्टेज नाही, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

याच कारणाने न्यूट्रल तुटल्यावर टेस्टर गोंधळात टाकतो. समजा फक्त तुमच्याच घराचा न्यूट्रल मीटरपाशी सुटला. घर अंधारात, पण टेस्टर प्लगच्या दोन्ही भोकांत पेटतो! चालू राहिलेल्या बल्बातून किंवा फ्रीजमधून फेज पलीकडच्या तारेपर्यंत पोहोचलेला असतो. करंट वाहत नाही, म्हणून उपकरणात काही खर्च होत नाही आणि त्याच्या दोन्ही टोकांना जमिनीच्या तुलनेत 230 व्होल्ट असतात. दोन भोकांमध्ये फरक शून्य, म्हणून काही चालत नाही. पण ज्या तारेला आपण "न्यूट्रल आहे, काही होत नाही" म्हणतो, तिला हात लावला तर शॉक बसणारच.

आता खरं गणित

वस्तीत किंवा सोसायटीत तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. वायरमन त्यांना आर, वाय, बी म्हणतात. काही घरं एका फेजवर, काही दुसऱ्यावर, आणि परतीची न्यूट्रल तार सगळ्यांची मिळून एकच. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये मात्र सुमारे 400. (230 ची दुप्पट 460 का नाही? दोन फेज एकाच क्षणी शिखरावर पोहोचत नाहीत, म्हणून 2 ऐवजी 1.73 ने गुणायचं.)

समजा पहिल्या घरात 1000 वॅटची इस्त्री चालू आहे आणि वेगळ्या फेजवरच्या दुसऱ्या घरात 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की रोध मिळतो: इस्त्रीचा सुमारे 53 ओहम, बल्बचा 529. न्यूट्रल शाबूत असताना दोघांना आपापले 230 व्होल्ट मिळतात आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसतो.

आता खांबावर दोघांचा मिळून असलेला न्यूट्रल तुटला. इस्त्रीतून आलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही. एकच रस्ता राहिला, शेजाऱ्याच्या बल्बातून दुसऱ्या फेजकडे. म्हणजे दोन स्वतंत्र घरं एका क्षणात माळेतले दोन बल्ब झाली, 400 व्होल्टवर एकसर जोडलेले!

एकूण रोध 582 ओहम. करंट 400 भागिले 582, म्हणजे जेमतेम 0.69 अँपिअर. इस्त्रीवर पडले 36 व्होल्ट, बल्बवर 364. बेरीज बरोबर 400. बल्ब आता 100 ऐवजी 250 वॅटने जळतोय. (तापमानाबरोबर रोध थोडा बदलतो, तो इथे सोडून दिला आहे.)

बल्बच्या जागी टीव्ही ठेवून पाहा. त्याच्या मागे बहुधा 100 ते 240 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. आपली वीज एसी असल्यामुळे 364 व्होल्टचं शिखर 515 च्या आसपास जातं आणि टीव्हीच्या आतला मोठा कपॅसिटर साधारण 400 किंवा 450 व्होल्टचा असतो. तो 'फट्' आवाज बऱ्याचदा त्याचाच.

म्हणजे भारी उपकरण लावणारं घर वाचतं आणि काटकसरीने एक दिवा, एक टीव्ही लावून बसलेलं घर होरपळतं. आणि दोन्ही घरांत सारखाच लोड असेल तर? प्रत्येकाला 200 व्होल्ट मिळतात, "आज जरा डिम आहे" म्हणून कुणी लक्षही देत नाही. मग कुणीतरी गीझर लावतो आणि दुसऱ्याचा फ्रीज जातो. तिसऱ्या फेजवरची घरं धरली की गणित किचकट होतं, पण ज्याचा लोड कमी त्याच्यावर व्होल्टेज जास्त, ही ओढ तशीच राहते.

एमसीबी का पडत नाही?

कारण एमसीबी करंट बघतो, व्होल्टेज नाही. वरच्या उदाहरणात करंट 0.69 अँपिअर होता. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचं काय सोयरसुतक? आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे ना, एवढंच तपासतो. इथे तो सारखाच असतो, त्यामुळे तोही गप्प बसतो. या संकटासाठी वेगळं उपकरण लागतं, व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की पुरवठा तोडणारं. दुकानात 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' म्हणून मागा. एका टीव्हीच्या किमतीपुढे ते महाग वाटू नये.

अशा वेळी काय करायचं

दिवे अचानक प्रखर किंवा मंद झाले तर थेट मेन स्विच बंद करा. एकेक बटण बंद करत बसू नका, आणि याचं कारणही वरच्याच गणितात आहे. तुम्ही आधी इस्त्री बंद केली, मग पंखा, की तुमच्या घराचा एकूण रोध वाढत जातो आणि 400 मधला तुमचा वाटाही वाढतो. शेवटी उरलेल्या उपकरणाच्या वाट्याला सगळ्यात मोठा फटका येतो. नंतर 1912 वर किंवा तुमच्या वीज कंपनीकडे तक्रार करा. खांबावर स्वतः चढायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

न्यूट्रल एरवी तुटतो कसा? नेहमी फांदी पडूनच असं नाही. बऱ्याचदा सैल सांधा हे कारण असतं. गंजलेल्या सांध्याचा रोध फक्त 1 ओहम झाला आणि त्यातून 10 अँपिअर गेले, तर तिथे 100 वॅट उष्णता तयार होते. कथील वितळवणारी सोल्डरिंगची कांडी 25 वॅटची असते, यावरून अंदाज करा. सांधा तापतो, आणखी सैल होतो, आणखी तापतो आणि एक दिवस सुटतो. मीटरजवळचा न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलेला दिसला किंवा तिथून चुरचुर आवाज आला, तर लगेच वायरमनला बोलवा.

घर जुनं असेल तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. लाकडी बोर्डावर फेजला एक आणि न्यूट्रलला एक, असे दोन किटकॅट फ्यूज असायचे. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज ठेवणं नियमात बसत नाही, कारण तो आधी उडाला तर घर बंद दिसतं आणि वायरिंगमध्ये फेज जिवंत राहतो. असा फ्यूज दिसलाच तर वायरमनकडून तो काढून तिथे थेट जोडणी करून घ्या.