आंतरकार्यक्षमता चाचणी

वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांबरोबर बिनचूक काम करतात की नाही, हे तपासण्याची पद्धती. उपकरणाने मानक पाळणे ही अनुरूपता (⟶ मानकीकरण). मात्र मानकातील ऐच्छिक भागांचा अर्थ प्रत्येक उत्पादक आपल्या परीने लावत असल्याने अनुरूप उपकरणेही जोडीने अडू शकतात.

भारतातील ठळक उदाहरण फास्टॅगचे (⟶ पथकर). नंदन नीलेकणी समितीने २०१० मध्ये शिफारस केल्यावर २०१४ मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर प्रयोग झाला. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकयंत्राच्या ८६५–८६७ मेगाहर्ट्झ लहरींतूनच चिपला ऊर्जा मिळते. त्यामुळे संदेशांच्या क्रमाइतकेच अंतर, वाहनाचा वेग आणि समोरची काचही तपासावी लागते. धातूचा मुलामा असलेली काच लहरी अडवते. टॅग एका बँकेचा व नाका दुसऱ्या बँकेशी जोडलेला असू शकतो. म्हणून देयकसंदेशही पडताळावे लागतात (⟶ राष्ट्रीय देयक निगम).

समृद्धी महामार्गावर पथकर अंतरानुसार आकारला जातो. प्रवेशाच्या नाक्यावरील नोंद बाहेर पडण्याच्या नाक्यावरील नोंदीशी जुळली नाही, तर अंतरच ठरत नाही.