भौतिकशास्त्राच्या दारातून जीवशास्त्रात

दहावीचा निकाल लागला की डोंबिवलीतल्या घराघरांत एकच प्रश्न असतो : अकरावीला गणित ठेवायचे की जीवशास्त्र? या दोहोंमधून जाणारी जैवभौतिकीची वाट आपल्या देशात कशी पडली, हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे.

१९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख झाले. क्ष-किरणांनी स्फटिकातील अणूंची मांडणी शोधणे हा त्यांचा विषय. तेच साधन त्यांनी कोलॅजन या प्रथिनासाठी वापरले. कातडी आणि हाडे यांना चिवटपणा येतो तो या प्रथिनामुळे. १९५४-५५ मध्ये त्यांनी व गोपीनाथ कार्था यांनी दाखवले, की दोरीच्या पेडांप्रमाणे कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात.

क्रिक आणि रिच यांनी आक्षेप घेतला : या रचनेत काही अणू फारच जवळ येतात. मग अणू किती जवळ आलेले चालतात? रामचंद्रन यांनी माहीत असलेल्या स्फटिकांमधली अंतरे तपासली. सी. रामकृष्णन व व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ साली त्यांनी प्रथिनसाखळीतील दोन कोनांचा आलेख मांडला. कोनांच्या बहुतेक जोड्यांमध्ये अणू एकमेकांवर आदळतात. मोकळे प्रदेश थोडेच उरतात. आजही प्रथिनाची नवी रचना ‘रामचंद्रन आलेखा’वर पडताळून पाहतात. आक्षेपातून निघालेल्या या आलेखाच्या मुळाशी आहे भूमितीच!

पुढे रामचंद्रन यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभा केला. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या शेखर मांडे यांनी तेथूनच १९९१ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांनी क्षयाच्या जिवाणूतील प्रथिनांच्या रचना अभ्यासल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे ते संचालक झाले आणि २०१८ ते २०२२ या काळात सीएसआयआरचे महासंचालक होते.

डोंबिवलीकर विद्यार्थ्याला मुंबई विद्यापीठाचा जैवभौतिकी विभाग कालिन्यालाच आहे. पुढे संशोधन, अध्यापन, औषधनिर्मिती, जैवमाहितीशास्त्र असे मार्ग फुटतात. मात्र एक सावधगिरी हवी. रुग्णालयात किरणोपचाराचा भौतिकतज्ज्ञ व्हायचे, तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पदविकेसाठी भौतिकशास्त्राचीच पदवी लागते. तेव्हा पदवीचा विषय निवडण्यापूर्वीच हे पाहावे.

बारावीपर्यंत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. ज्याला दोन्हींची गोडी आहे, त्याला एक सोडायला आपण सांगू नये.