पुरीच्या वाटेवरील मराठी खुणा

भिलाईत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला समुद्र दोन दिशांना आहे. एक पश्चिमेचा, आजोळचा. तो हजार किलोमीटरांहून अधिक दूर. दुसरा पूर्वेचा, दुर्गहून गाडीत बसून एक रात्र काढली की तो पुरीला भेटतो. त्यामुळे रजेच्या प्रवासासाठी आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांनी पुरीची वाट धरली, यात नवल नाही. जगन्नाथाचे दर्शन, स्वर्गद्वाराजवळच्या वाळूत मुलांचे खेळ, नोलियाचा हात धरून केलेले समुद्रस्नान, एक दिवस कोणार्क, एक दिवस चिल्का आणि परतताना भुवनेश्वर, असा हा ठरीव कार्यक्रम. ज्या वाटेने आपण तेथे जातो ती वाट मराठी माणसाला नवी नाही, हे मात्र त्या चार दिवसांत सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात आल्या त्या १७४१ साली. भास्करराम कोल्हटकर, म्हणजे इतिहासात भास्करपंत म्हणून प्रसिद्ध असलेले रघूजी भोसल्यांचे सेनापती, बंगालच्या स्वारीवर निघाले असता वाटेत रतनपूरच्या हैहयवंशी राजाने त्यांच्यापुढे शरणागती पत्करली. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तेथील टेकडीवरचे राममंदिर त्यांनी बांधविले. भिलाईच्या कारखान्यात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिली झोतभट्टी पेटली, त्याच्या दोनशे वर्षे आधी या मुलखात मोडी लिपीत हिशेब लिहिले जात होते. आपण येथे पाहुणे खरे, पण पहिले पाहुणे नव्हेत.

बंगालच्या स्वाऱ्यांचा शेवट १७५१ च्या तहात झाला. बंगालचा नबाब अलिवर्दीखान याने सालिना बारा लाख रुपये चौथाई मान्य केली, आणि सुवर्णरेखा नदी ही सरहद्द ठरून तिच्या दक्षिणेकडील ओरिसाचा महसूल नागपूरकरांकडे आला. परंतु पुरीच्या मंदिराची व्यवस्था मराठ्यांकडे आली ती तलवारीने नव्हे, कर्जाने आली. ही हकीकत मोठी मौजेची आहे. १७६० च्या सुमारास पारलाखेमुंडीच्या नारायणदेवाने खुर्द्याच्या राज्यावर चाल केली. खुर्द्याचा राजा वीरकिशोरदेव हा जगन्नाथाचा परंपरागत आद्यसेवक. त्याने कटकेस असलेले मराठी सुभेदार शिवभट साठे यांची मदत मागितली आणि खर्चापोटी रक्कम देण्याचे कबूल केले. शत्रू हटला, रक्कम मात्र राजाला उभी करता येईना. तेव्हा लिंबाई, राहांग आदी परगणे आणि त्यांबरोबर पुरुषोत्तमक्षेत्र त्याने मराठ्यांकडे गहाण लावले. गहाण सुटलेच नाही. अशा रीतीने चार धामांपैकी एक धाम नागपूरच्या दरबारच्या हिशेबात दाखल झाले.

हे हिशेब कसे होते? यात्रेकरूंवर कर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि मंदिराच्या खर्चास नेमून दिलेल्या जमिनीही होत्या. ‘सातैस हजारी महाल’ हे त्यांचे नावच सत्तावीस हजारांच्या उत्पन्नाची साक्ष देते. उत्पन्न आणि खर्च यांत जी तूट पडे ती मराठी सरकार भरून देई. इंग्रजांना ओरिसा मिळाल्यानंतर १८०५ साली चार्ल्स ग्रोम या अधिकाऱ्याने मंदिराच्या व्यवस्थेचा तपशीलवार अहवाल लिहिला. कंपनीने १८०६ पासून यात्राकर स्वतःच वसूल केला, तो १८४० पर्यंत. पुरीत शिरताना लागणारा अठरनळा नावाचा प्राचीन पूल पाहिलात तर ध्यानात ठेवा, या कराची एक चौकी तेथे होती.

आता सिंहद्वारासमोर या. तेथे सोळा पैलूंचा, काळ्या पाषाणाचा, सुमारे ३३ फूट उंचीचा एकसंध स्तंभ उभा आहे. माथ्यावर हात जोडून बसलेला सूर्याचा सारथी अरुण. जगन्नाथाच्या दारात सूर्याचा सारथी कसा, असा प्रश्न खरे तर प्रत्येकास पडावयास हवा. गर्दीत जोडे सांभाळण्याच्या चिंतेत तो पडत नाही. हा अरुणस्तंभ मूळचा येथला नव्हेच. तेराव्या शतकात गंगवंशी नरसिंहदेवाने कोणार्कचे सूर्यमंदिर बांधले, तेथला तो. कालांतराने मंदिर ढासळले, पूजा थांबली, भोवती वाळू साचली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, मराठी अमदानीत, ब्रह्मचारी गोसावी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधुपुरुषाच्या पुढाकाराने हा स्तंभ पुरीस आणून सिंहद्वारासमोर उभा करण्यात आला. कोणार्कपासून पुरी सुमारे ३५ किलोमीटर. तेव्हा ना रस्ता होता ना यंत्र. एवढा पाषाण अभंग आणून पुन्हा सरळ उभा करणाऱ्या हातांचे, पोलादाच्या गावात राहणाऱ्या आपल्या लोकांना तरी विशेष कौतुक वाटावे.

या गौरवाला दुसरी बाजू आहे, आणि ती वगळून मुलांना इतिहास सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पुरीला बंगाली प्रवासी फार. गाडीच्या डब्यात, धर्मशाळेत, वाळूत त्यांची आपली गाठ पडतेच. ‘बर्गी’ हा शब्द त्यांच्या अंगाईगीतात आहे, आणि तो भीतीचा शब्द आहे. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर: सरकारी घोड्यावर चाकरी करणारे स्वार. १७४२ पासूनच्या स्वाऱ्यांत त्यांनी बंगालची गावे लुटली, जाळली. कलकत्तेकरांनी त्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणला. गंगाराम नावाच्या तत्कालीन कवीने ‘महाराष्ट्रपुराण’ या नावाने त्या हालअपेष्टांचे काव्य लिहिले. भास्करपंतांना अलिवर्दीखानाने ३१ मार्च १७४४ रोजी तहाच्या बोलणीस बोलावून दग्याने मारले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्याआधी बंगालच्या शेतकऱ्याने काय सोसले हे त्यात नसते. ओरिसातील मराठी कारभाराविषयी अँड्र्यू स्टर्लिंग या इंग्रज अधिकाऱ्याने फार कठोर लिहिले आहे. जिंकणाऱ्याने आधीच्या राज्यकर्त्याला नावे ठेवावयाची, हा नियमच. म्हणून त्याचा शब्द न् शब्द मानू नये, पण वसुलीच्या जाचाची तक्रार अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही. देवाच्या दारी अन्नदान करणारे आणि रयतेच्या दारी तगादा लावणारे सरकार एकच होते.

हा अंमल संपला तो जवळजवळ गाजावाजा न होता. इंग्रजी फौज गंजामकडून किनाऱ्याने आली आणि १८ सप्टेंबर १८०३ रोजी तिने पुरी प्रतिकाराविना घेतली. मंदिराला धक्का लागू नये, पुजाऱ्यांना दुखवू नये, अशी गव्हर्नर जनरल वेलस्लीची सक्त ताकीद होती. कटकेचा बाराबाटी किल्ला १४ ऑक्टोबरला पडला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक प्रांत नागपूरकरांच्या हातून कायमचा गेला. छत्तीसगड मात्र आणखी अर्धशतक, म्हणजे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत, भोसल्यांच्या नावावर राहिले.

यात्रा पायी होत, त्या १८९७ मध्ये पुरीला रेल्वे येईपर्यंत. आता दुर्गहून निघालेली गाडी रायपूर, महासमुंद, तितलागढ, संबळपूर करीत जाते. पुढच्या खेपेस कोणार्क आधी पाहावे आणि पुरी नंतर. कोणार्कला जगमोहनाच्या पूर्वद्वारासमोर उभे राहून अरुणस्तंभाची जागा विचारावी. मग संध्याकाळी, सिंहद्वाराजवळची गर्दी थोडी ओसरल्यावर, मुलांना घेऊन त्या स्तंभाखाली थांबावे आणि त्याचे पैलू मोजावयास सांगावे. सोळा भरतात.