आश्रय आणि मिंधेपणा

गुणी खेळाडू पोटासाठी परगावी जातो, ही तक्रार अमरावती-अकोल्यास नवी नाही. नागपुरात १८९५ साली जन्मलेल्या सी. के. नायडूंना १९२३ मध्ये इंदूरच्या होळकरांनी आपल्या पदरी घेतले, सैन्यात हुद्दा दिला. मध्यप्रांत-वऱ्हाडकडून खेळलेले चंदू सरवटेही पुढे होळकर संघात गेले. त्या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला.

हा आश्रय उघड होता. त्यात चाकरी होती, मान होता. धनिकाची लहर मात्र निराळी. १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघातील इंग्रज फलंदाज डेनिस कॉम्प्टन यास एका व्यापाऱ्याने शंभरापुढील प्रत्येक धावेस इनाम कबूल केले. कॉम्प्टनने नाबाद २४९ धावा काढल्या. शेटजी तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास गेले होते, असे तो पुढे सांगे.

अमेरिकेत याहून वाईट घडले. महाविद्यालयांचे धनाढ्य पाठीराखे होतकरू खेळाडूंना नियम मोडून, चोरून पैसे देत. त्यापायी टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा फुटबॉल हंगामच रद्द झाला.

मग पैसा वाईट काय? नव्हे, वाईट तो चोरटेपणा आणि त्यातून येणारा मिंधेपणा. विदर्भाने पहिला रणजी करंडक १ जानेवारी २०१८ रोजी जिंकला, तोही इंदूरच्या होळकर मैदानावर! त्या संघात वसीम जाफर मुंबईहून आलेला होता. त्यात लपविण्याजोगे काहीच नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावच्या पोराला खुशाल मदत करा. फक्त तिचा हिशेब चारचौघांत मांडा, म्हणजे त्याची मान ताठ राहील.