शरीरस्थिती आणि आरोग्य

बसताना, उभे राहताना किंवा झोपताना डोके, कणा, कंबर आणि पाय यांची परस्परांशी जी मांडणी होते, तिला शरीरस्थिती किंवा ‘पोश्चर’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. त्यामुळे हा विषय केवळ रुबाबदार दिसण्यापुरता उरत नाही.

कण्यावरील भार

कणा काठीसारखा सरळ नसतो. मान आणि कंबरेपाशी तो पुढे, तर पाठीपाशी मागे वळलेला असतो. या बाकांमुळे शरीराचा भार विभागला जातो. प्रौढ माणसाचे डोके सुमारे ५ किलो वजनाचे असते. मोबाइल पाहताना मान झुकली की हा भार पुढे सरकतो आणि मानेच्या मागील स्नायूंना तो सतत ओढून धरावा लागतो. पोक काढून बसल्यास बरगड्यांना व श्वासपटलाला हालचालीस जागा कमी मिळते आणि श्वास उथळ होतो.

मनाशी संबंध

न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तणावाच्या प्रसंगी ताठ बसलेल्यांची मनःस्थिती वाकून बसलेल्यांपेक्षा बरी आढळली. मात्र रुबाबदार पवित्र्याने शरीरातील संप्रेरकेही बदलतात, हा २०१० मधील गाजलेला दावा पुढील मोठ्या प्रयोगात टिकला नाही. ताठ बसण्याने उभारी येऊ शकते. नैराश्यावरील उपचारांची जागा ते घेऊ शकत नाही.

एक गैरसमज

‘ताठ बस’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु सर्वांना लागू पडणारी एकच आदर्श स्थिती सिद्ध झालेली नाही. तासन्‌तास ताठ बसूनही पाठ आखडते. पतंजलींनीही आसनासाठी स्थैर्याबरोबर सुखाची अट घातली आहे. अपाय प्रामुख्याने होतो तो एकाच स्थितीत अडकून राहण्याने. मग ती संगणकापुढील खुर्ची असो, शिलाई यंत्र असो वा विळी.

काय करावे?

दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर असावा, पावले जमिनीवर टेकलेली असावीत. मोबाइल शक्यतो वर उचलून पाहावा. पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारा व्यायाम नियमित करावा.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

पायांत बधिरता वा अशक्तपणा, पाठदुखीसोबत ताप किंवा वजनात घट असल्यास डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरील ताबा सुटल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. तरुणांमध्ये सकाळी दीर्घकाळ टिकणारा आणि हालचालीने कमी होणारा ताठरपणा हे मणक्यांच्या सांधेदाहाचे लक्षण असू शकते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, उंची घटून पोक येऊ लागल्यास हाडे ठिसूळ होऊन मणके दबल्याची शक्यता असते. अशा वेळी ‘वाकून चालू नकोस’ असे बजावण्यापेक्षा आजीच्या हाडांची तपासणी करून घेणे अधिक हिताचे.